बंडाना कुठला घ्यावा, कसा बांधावा आणि कुठे त्याच्या भरवशावर राहू नये

प्रश्न थोडक्यात असा: साताऱ्यात राहणं, रोज स्कूटरवरून एमआयडीसीत कामाला जाणं, रविवारी अजिंक्यतारा किंवा सज्जनगड, थंडीत जमलं तर वासोटा. बंडाना घ्यायचाय. दुकानात नळीसारखे ताणणारे बफ दिसतात आणि बावीस इंची छापील चौकोनही. कुठला घ्यायचा, किती घ्यायचे, आणि प्रथमोपचारापासून पाणी गाळण्यापर्यंत त्याचे जे उपयोग सांगतात त्यात तथ्य किती?

आधी निकाल सांगतो. एक घेऊ नका, तीन घ्या. तिघांची मापं वेगळी ठेवा आणि कामंही. नाक पुसलेला रुमाल जखमेवर ठेवायचा नाही, आणि घाम टिपलेल्या फडक्यात भाकरी बांधायची नाही. ‘एकच रुमाल सगळ्या कामांना’ हे ऐकायला छान वाटतं, पण नेमकं तिथंच सगळं बिघडतं.

माप हा यातला सर्वांत दुर्लक्षित भाग, म्हणून त्यावर जरा थांबू. खिशातला नेहमीचा रुमाल 40 ते 45 सेंमीचा असतो. तो हात-तोंड पुसायला ठीक, डोक्याला पुरत नाही. बाजारातला बंडाना 22 इंची, म्हणजे साधारण 55 सेंमी. तो तिरका दुमडला की लांब बाजू 78 सेंमी होते. मोठ्या माणसाच्या डोक्याचा घेर बहुधा 54 ते 58 सेंमी. म्हणजे गाठीला दोन्ही बाजूंनी मिळून वीसेक सेंमी उरतात, एका टोकाला जेमतेम दहा. इतक्यात गाठ बसते, पण केस दाट असतील किंवा अंबाडा असेल तर टोकं हातात येत नाहीत आणि चालताना गाठ सुटते. 70 सेंमीचा घेतलात तर तिरकी लांबी 99 सेंमी मिळते. डोकं, मान, तोंड तिन्हींना तो नीट पुरतो, आणि घडी घालून पँटच्या मागच्या खिशातही मावतो. रोजचा मुख्य रुमाल म्हणून मी 70 चाच सुचवेन. म्हणजे पहिला खिशातला, दुसरा हा 70 चा, आणि तिसरा पूर्ण एक मीटरचा. त्याची तिरकी लांबी 141 सेंमी. हात गळ्यात अडकवायचा असेल तर एवढं माप लागतंच.

तयार वस्तू शोधत बसण्यापेक्षा कापडाच्या दुकानात जा. 58 इंची पन्न्याचं, म्हणजे रुंदीचं, सुती कापड दीड मीटर घ्या. पन्ना मधोमध कापला की 73 सेंमी, लांबीही मधोमध कापली की 75 सेंमी. दुमडपट्टीत आणि आटण्यात गेलेलं धरूनही 70 च्या आसपासचे चार रुमाल निघतात. घरात वाटून टाका. 44 इंची पन्न्याचं सव्वा मीटर घेतलं तर एक मीटरचा मोठा चौकोन निघतो. कापण्याआधी कापड एकदा धुऊन वाळवा. सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं, आणि उभं जेवढं आटतं तेवढंच आडवं आटेल असं नाही. आधी कापून मग धुतलंत तर चौकोनाचा आयत होतो आणि तिरकी घडी कधीच जुळत नाही. कापताना पट्टीने रेघ मारण्यापेक्षा काठाजवळचा एक दोरा ओढून काढा. तो निघाला की कापडात सरळ फट दिसते, तिच्यावरूनच कात्री चालवा. शिंप्याला सांगून चारही बाजूंना पाच मिलिमीटरची दुहेरी दुमड घालून घ्या, आणि कोपऱ्यांवर टाके मागेपुढे दोनदा मारायला सांगा. रुमाल विरायला लागतो तो आधी कोपऱ्यात, कारण गाठ तिथंच ओढली जाते.

कापड शंभर टक्के सुतीच हवं. केंब्रिक किंवा पातळ पॉपलीन सर्वांत बरं. मलमल घाम छान टिपते, पण गाठीला टिकत नाही. मांजरपाट स्वस्त आणि दणकट असतो, मात्र तो पाच-सहा धुण्यांनंतरच मऊ होतो. ‘कॉटन’ म्हणून दिलेलं कापड मिसळीचं निघणं ही रोजची गोष्ट आहे, तेव्हा काठाचे दोन-चार दोरे काढून काडी लावून पाहा. सुती दोरा कागदासारखा जळतो आणि राख चिमटीत विरघळते. पॉलिस्टर आक्रसतं आणि टोकाला कडक मणी होतो. चुलीपाशी किंवा स्टोव्हपाशी हाच मणी कातडीला चिकटतो, म्हणून ही परीक्षा टाळू नका. नव्या कापडाला खळ असते, ती पाणी शोषू देत नाही. दोन-तीनदा धुतल्यावर कापडावर पाण्याचा थेंब टाका. दोन-तीन सेकंदांत तो पसरला तर रुमाल कामाला तयार झाला.

नळीसारखे बफ वाईट नाहीत. हेल्मेटखाली ते गाठीविना बसतात, वाऱ्यात सुटत नाहीत, लवकर वाळतात. पण ते उलगडून चौकोन होत नाहीत. झोळी, गाठोडं, घडीची पट्टी, चुंबळ यातलं काहीच त्यांच्याकडून होत नाही. फक्त गाडी चालवायची असेल तर बफ घ्या. गडावर जायचं असेल तर चौकोन.

रंगाचंही जाता जाता. रोजचा गडद किंवा नक्षीचा चालतो, डाग दिसत नाहीत. (बंडानावरची ती वळणदार नक्षी म्हणजे आपली कोयरीच, आणि बंडाना हा शब्दही ‘बांधणे’च्याच कुळातला, कापड बांधून रंगवण्याच्या पद्धतीवरून आलेला. परदेश फिरून घरी आलेली वस्तू आहे ही.) गडावर मात्र फिका रंग बरा. काळं कापड उन्हात तापतं, आणि आग्या मोहोळाच्या माश्या गडद रंगावर जास्त चाल करून येतात. कड्याकपारींना मोहोळं असतात अशा गडावर अत्तर किंवा वासाचं तेल लावलेला रुमाल नेऊ नका. माश्या उठल्याच तर रुमाल हवेत फिरवून त्यांना हाकलायला जाऊ नका. त्या हालचालीनेच त्या जास्त चिडतात. तोंड, कान आणि मान रुमालाने झाका आणि थेट दूर पळा. मीटरचा रुमाल पांढराच ठेवा, म्हणजे रक्त किती येतंय आणि कापड खरंच स्वच्छ आहे का, हे दिसतं.

आता गाठ. बहुतेक लोक सवयीने दोन्ही वेळा एकाच बाजूचं टोक वर घेतात. ती गाठ एक तर घसरते, नाही तर अशी निरगाठ बसते की दातांनीही सुटत नाही. नीट पद्धत अशी: पहिल्यांदा डावं टोक उजव्यावरून घेऊन खालून काढा. दुसऱ्यांदा उजवं टोक डाव्यावरून. गाठ बरोबर बसली की ती सपाट पडते आणि प्रत्येक बाजूचं मोकळं टोक आपल्याच पट्टीला लगटून, तिला समांतर राहतं. टोकं आडवी, फुलीसारखी बाहेर आली तर चुकलंय, सोडून पुन्हा बांधा. सोडताना एका बाजूचं मोकळं टोक आणि त्याच बाजूची पट्टी दोन्ही हातांत धरून विरुद्ध दिशांना झटका द्या. ती बाजू सरळ होते आणि दुसरी बाजू तिच्यावरून अलगद निघते. ही गाठ कापडाच्या पट्टीसाठी आहे. माणसाचं वजन पेलायला किंवा कड्यावर उतरायला रुमाल जोडून दोर करायचा नाही, कुठल्याही गाठीने.

डोक्याला बांधताना तिरकी घडी घाला, लांब काठ दोन-तीन सेंमी आत दुमडा आणि तो कपाळावर भुवयांच्या दोन बोटं वर ठेवा. टोकं कानांच्या वरून मागे नेऊन त्रिकोणाच्या शेपटावर गाठ मारा. कापड आणि कपाळ यांच्यात एक बोट शिरलं पाहिजे. त्याहून घट्ट बांधलं तर तासाभरात डोकं ठणकतं आणि दोष उन्हाला दिला जातो. हेल्मेटखाली बांधायचं तर गाठ डोक्याच्या मागच्या उंचवट्यावर येऊ देऊ नका. ती मानेच्या खळग्यात, हेल्मेटच्या काठाखाली घ्या. हेल्मेट आणि कवटी यांच्यात गाठीचा गोळा राहिला तर आपटल्यावर सगळा दाब त्या एका जागी येतो. तिरक्या घडीपलीकडे जादा पदर ठेवू नका. चार पदरी घडी ठेवलीत तर हेल्मेटचं माप बिघडतं, ते हलतं आणि त्याचा उपयोग कमी होतो. उन्हात पायी चालताना मात्र टोपीच्या खाली रुमाल असा ठेवा की तो कानांवरून आणि मानेवरून लोंबेल. नुसत्या टोपीने मानेचा मागचा भाग भाजतो.

गळ्यात बांधलेल्या रुमालाची टोकं सदऱ्याच्या आत खोवा. स्कूटरच्या चाकात ओढणी अडकते हे सगळ्यांना माहीत असतं. कडबाकुट्टी, मळणी यंत्र, रसाचं गुऱ्हाळ यांच्यापाशी रुमाल अडकतो हे मात्र विसरलं जातं. फिरतं यंत्र असेल तिथं गळ्यातला रुमाल काढून खिशात ठेवायचा. खोवलेला चालेल असंही समजू नका.

ओल्या रुमालाचं एक समजून घेतलं की निम्म्या चुका टळतात. ओलं कापड थंड करतं ते त्यातलं पाणी उडून जाताना अंगातली उष्णता घेऊन जातं म्हणून. हवा कोरडी असेल तर हे उत्तम चालतं. एप्रिलमध्ये माण-खटावात किंवा जत-आटपाडीकडे फिरत असाल तर रुमाल भिजवून, हलका पिळून मानेभोवती ठेवा. अर्ध्या तासाने तो कोरडा झालेला असेल, पुन्हा भिजवा. पिण्याचं पाणी कमी असेल तर मात्र ते आधी पोटात, रुमालाला नंतर. जुलैत कोयनेच्या खोऱ्यात हवेतच इतका ओलावा असतो की ओला रुमाल नुसता चिकटून बसतो, गारवा देत नाही. आणि कासच्या पठारावर किंवा महाबळेश्वरला पावसात वारा सुटला की तोच रुमाल अंगातली ऊब खेचत राहतो. तिथं भिजलेलं सुती कापड मानेवरून आणि डोक्यावरून काढा. पिशवीत, प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवलेला एक कोरडा रुमाल असावा तो त्यासाठीच. ऊन लागून कुणी असंबद्ध बोलू लागलं आणि अंग तापलेलं असलं तर सावलीत नेऊन मान, काखा, जांघा ओल्या कापडाने भिजवा, वारा घाला आणि 108 ला फोन करा. बरं वाटेल म्हणून वाट पाहू नका.

तोंडाला बांधलेला रुमाल रस्त्याची जाड धूळ, उसाच्या पाचटाची कुसं, भाताचा भुसा अडवतो. एवढंच. बारीक धूर, हळद दळताना उडणारी पूड, दगड फोडतानाची धूळ त्यातून सरळ आत जाते. तिथं एन-95 मास्कच लागतो. तासगावकडे द्राक्षबागेत औषध फवारताना तर रुमाल बांधणं हे न बांधण्याहून वाईट ठरू शकतं. कापड फवारा शोषून घेतं, ओलं होतं आणि ते औषध तासभर नाकातोंडाला आणि कातडीला लावून ठेवतं. फवारणीला त्या कामासाठी बनवलेलाच मास्क हवा. पाचट पेटवलं असेल तर ओल्या रुमालाने थोडी राख अडते, विषारी वायू अडत नाही. तिथून वाऱ्याच्या आडव्या दिशेने बाहेर निघा.

पाणी गाळण्याबद्दल लोक दोन्ही टोकांना जातात. काही म्हणतात निरुपयोगी, काही गाळलेलं तसंच पितात. खरं काय ते कापडाच्या छिद्राच्या आकारावर ठरतं. आपल्याकडे पायविहिरींतून नारू हा जंताचा रोग पसरायचा, कारण त्याच्या अळ्या सायक्लॉप्स नावाच्या पाण्यातल्या सूक्ष्म किड्यात असत. हा किडा सुमारे एक मिलिमीटरचा, डोळ्याला जेमतेम दिसणारा. दाट विणीच्या कापडात तो अडकतो. नारूच्या निर्मूलनात कापडाने गाळणं हा मोठा भाग होता, आणि 2000 साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. बांगलादेशात जुन्या सुती साडीच्या आठ पदरांतून पाणी गाळल्यावर कॉलऱ्याचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं, हे 2003 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं, कारण कॉलऱ्याचे जंतू पाण्यातल्या सूक्ष्म प्राण्यांना चिकटून असतात. जुनी साडी नव्यापेक्षा बरी ठरली, कारण वापराने तंतू सुटतात आणि छिद्रं बारीक होतात. पण निम्म्यावर येणं म्हणजे शून्य नव्हे. सुटे जंतू, कावीळ आणि जुलाबाचे विषाणू कापडातून निघून जातात. म्हणून वासोट्याच्या वाटेवर किंवा गडाच्या टाक्यावर रुमालाचं काम पहिल्या पायरीपुरतं: स्वच्छ रुमाल चार घड्या घालून भांड्याच्या तोंडावर बांधा, गाळ आणि पाला काढा, मग पाणी खळखळ उकळवा. महाबळेश्वर सुमारे 1,350 मीटर उंचीवर आहे, आपल्या डोंगरांत एक मिनिट खळखळ उकळणं पुरतं. क्लोरिनची गोळी वापरत असाल तर आधी गाळणं आणखी महत्त्वाचं, कारण गढूळ पाण्यात क्लोरीन गाळावरच खर्ची पडतो. गाळायच्या रुमालाची एक बाजू कोपऱ्यात रंगीत टाक्याने खुणावून ठेवा. दुसऱ्यांदा उलटा बांधला तर आधीचा गाळ पाण्यात उतरतो.

प्रथमोपचारात मीटरचा रुमाल खरंच कामाचा आहे, पण तो आधीपासून तयार हवा. गरम पाण्यात धुवा, उन्हात कडक वाळवा, इस्त्री करा, झिपच्या पिशवीत बंद करा. दोन सेफ्टी पिना त्याच पिशवीत. दर दोन महिन्यांनी उघडून पुन्हा धुवा, वापरला नसला तरी.

रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाची जाड घडी जखमेवर ठेवून तळहाताने दाबा. सलग दहा मिनिटं. मध्ये उचलून बघायचं नाही. ही सर्वांत नेहमीची चूक, बघताना नुकतीच धरलेली गुठळी निघते. घडी भिजली तर ती न काढता वर दुसरी ठेवा. दाबून रक्त थांबलं की पट्टी बांधा. पट्टीच्या पुढच्या बोटांची नखं दाबून सोडली की दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवीत. नाही झाली तर पट्टी घट्ट आहे, सैल करा.

हात गळ्यात अडकवायचा तर जखमीलाच दुसऱ्या हाताने दुखरा हात पोटाशी धरायला सांगा. मीटरचा रुमाल तिरका दुमडून त्रिकोण करा आणि छाती व हात यांच्यामधून सरकवा, टोक कोपराकडे. वरचं टोक चांगल्या खांद्यावरून मानेमागून दुखऱ्या बाजूला आणा, खालचं टोक हातावरून वर घ्या आणि दुखऱ्या बाजूच्या गळपट्टीच्या हाडाच्या वरच्या खळग्यात सपाट गाठ मारा. मानेच्या मणक्यावर गाठ आली तर दहा मिनिटांत माणूस हैराण होतो. पंजा कोपरापेक्षा किंचित वर, बोटं बाहेर. कोपराकडचं टोक पिन लावून बंद करा. 55 सेंमीच्या बंडानाने हे मोठ्या माणसाला होत नाही, चित्रात कितीही सोपं दिसलं तरी.

घोटा मुरगळून माणूस गडावर अडकला तर बूट काढू नका, सूज आल्यावर तो पुन्हा चढत नाही. मीटरच्या रुमालाची तिरकी घडी आणखी दुमडत चार बोटं रुंद पट्टी करा. मधला भाग बुटाच्या तळव्याखाली, टाचेच्या जरा पुढे ठेवा. दोन्ही टोकं वर नेऊन घोट्यामागे फुली करा, पुढे आणा, पावलाच्या वर पुन्हा फुली करा, प्रत्येक टोक आपल्या बाजूच्या उभ्या पट्टीखालून ओवून वर ओढा आणि पुढे बांधा. उतरायला आधार मिळतो. हाड मोडलंय असं वाटलं तर चालवायचं नाही, उचलून न्यायचं.

साप चावला तर रुमालाने आवळपट्टी बांधायची नाही. हे ठळकपणे सांगावंसं वाटतं, कारण गावोगाव अजून हेच पहिल्यांदा केलं जातं. नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे चारही आपल्या भागात आहेत. घोणस आणि फुरशाच्या विषाने चावलेल्या जागेचं मांस सडतं, आवळपट्टीने रक्तपुरवठा तुटून पाय किंवा हात गमवावा लागू शकतो. कापणं, चोखणंही नाही. अंगठी, कडं, पैंजण काढा, सूज आल्यावर ते निघत नाहीत. सरळ काठीचा आधार देऊन रुमालांनी तो अवयव सैल बांधा, रुमालाखाली बोट सहज शिरेल इतका सैल. हालचाल थांबवणं हाच हेतू आहे. माणसाला चालवू नका, 108 ला फोन करा, प्रतिविष असलेल्या दवाखान्यात न्या. तुम्ही पोचण्याआधी कुणी आवळून बांधलेलंच असेल तर ते डॉक्टरांसमोर सुटू द्या.

उरलेली कामं सोपी आहेत. भाकरी स्वतंत्र, स्वच्छ फडक्यात बांधा. कापड वाफ शोषतं, प्लास्टिकमध्ये भाकरीला पाणी सुटून ती आंबते. गरम भांडं उचलायला रुमाल कोरडाच हवा, किमान चार पदरी. ओल्या कापडातून उष्णता लगेच हाताला येते आणि वर वाफेने भाजतं. डोक्यावर ओझं न्यायचं तर 70 च्या रुमालाचा पीळ घालून गोल चुंबळ करा, टोक आत खोचा.

धुताना रक्ताचा डाग आधी गार पाण्यात. गरम पाण्याने तो पक्का बसतो. हळदीचा डाग साबण लावला की लाल होतो, घाबरू नका, ओलाच उन्हात टाका, ऊन तो उडवतं. कासच्या तांबड्या मातीचा डाग पूर्ण जात नाही, त्यासाठी कापड घासून विरवू नका. कपडे मऊ करायचं द्रावण रुमालाला वापरू नका, त्याने पाणी शोषणं कमी होतं. घामाचा रुमाल घडी करून पिशवीत ठेवू नका, सॅकच्या पट्ट्याला पिनने लावून दोन्ही बाजूंनी वाळू द्या. कोपऱ्यातला टाका सुटला की त्याच आठवड्यात शिवून घ्या, आणि कापड मधोमध पातळ होऊन उजेड आरपार दिसू लागला की तो रुमाल गाडी पुसायला काढा.